रविवारची गोळी

रायगोंडा मगदूम पावणेदोन इंचांनी बुटके झाले होते आणि त्यांना ते मान्य नव्हतं. दूध संघात नोकरीला लागताना पाच फूट आठ इंच अशी नोंद झाली होती. माणूस काही साबण नव्हे झिजायला. पण डॉक्टर मुल्लाबाईंनी त्यांना दोनदा भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला.

"पट्टी तपासून घ्या एकदा," रायगोंडा म्हणाले.

"पट्टी बरोबर आहे, आप्पा. मणका दबलाय तुमचा. बादली उचलताना पाठीत काहीतरी वाजलं म्हणालात ना, ते हेच."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांची मुलगी त्रिशला बसली होती. ती कोल्हापुरात पाणीपुरवठा खात्यात अभियंता होती आणि बापासाठी रजा काढून गडहिंग्लजला आली होती. "तरी मी म्हणतेय," ती म्हणाली, "विजारीचे पाय जमिनीवर का लोळायला लागलेत."

डॉक्टरांनी पडद्यावर पाठीचं चित्र दाखवलं. विटा रचल्यासारखे मणके, आणि मधली एक वीट एका बाजूनं चेपलेली. हाडं ठिसूळ झालीत, त्या म्हणाल्या, औषध सुरू करायला हवं. वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन, असं तीन वर्षं.

"नको."

"आप्पा, ऐकून तरी घ्या की."

"नको म्हणजे नको. तुझ्या आईला चार वर्षं दिलं. काय उपयोग झाला?"

त्रिशलाच्या आईला, पद्मावतीबाईंना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन उतरताना पायरीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. एकेचाळिसाव्या दिवशी छातीत कफ साठून त्या गेल्या.

डॉक्टर मुल्ला तेव्हा गडहिंग्लजला नव्हत्या. पद्मावतीबाईंना गोळ्या लिहून देणारे डॉक्टर केव्हाच पुण्याला गेले होते. त्यामुळे मुल्लाबाईंनी त्या विषयाला हात न लावता सरळ हाडाबद्दल सांगायला सुरुवात केली.

"हाड म्हणजे दगड नव्हे, आप्पा. त्यात रोज काम चालू असतं. एक टोळी जुनं हाड खणून काढते, दुसरी त्या जागी नवं भरते. तरुणपणी दोघींचं जमतं. म्हातारपणी खणणाऱ्यांचा जोर तसाच राहतो आणि भरणाऱ्यांचा हात मंदावतो. मग हाड आतून पोकळ होत जातं. औषध हाडात जाऊन बसतं आणि खणणाऱ्यांना थोपवतं. एवढंच त्याचं काम."

"आणि दुष्परिणाम?"

"आहेत. दुरुस्ती करायची तर आधी खणावं लागतं. खणणंच फार वर्षं बंद ठेवलं तर बारीक चिरा तशाच राहतात. मग क्वचित एखाद्याचं मांडीचं हाड नुसतं चालतानाही मोडतं. क्वचित दात काढल्यावर जबडा भरून येत नाही. म्हणूनच तीन वर्षं देऊन थांबायचं. शिवाय पहिल्या इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस ताप येतो, अंग ठणकतं. ते मात्र बऱ्याच जणांना होतं."

"क्वचित म्हणजे किती?"

"हजारांत एखादा."

"आणि तो एखादा कुठल्या गावचा, ते नाही ना सांगता येत?"

"आता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "निदान बरंचसं."

कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात मागच्या वर्षी, म्हणजे २०४० साली, एक नवं यंत्र आलं होतं. डॉक्टर मुल्ला दर बुधवारी तिथं जात. त्या यंत्राला थरवाचक म्हणत. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची वर्तुळं असतात तसे हाडात थर असतात. केसाहून कितीतरी बारीक किरण टाकून हे यंत्र ते थर वाचायचं. कुठला थर कधी भरला, त्या वेळी शरीराला काय मिळत होतं, काय कमी पडत होतं. हाडाचं औषध घेतलं असेल तर त्याची खूण त्या त्या थरात वर्षानुवर्षं राहते, तीही दिसायची. या वाचनावरून पुढचं गणित मांडता येई. लाख माणसांची सरासरी काढून नव्हे. या एका माणसाच्या हाडाला औषध किती तारेल आणि किती बाधेल, याचं.

रायगोंडा पहिल्यांदाच खुर्चीत पुढं सरकले. चौतीस वर्षं त्यांनी संघात दूध तपासलं होतं. नुसतं बघून दुधातलं पाणी ओळखता येत नाही, त्याला यंत्रच लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. फॅट कमी लागली की लोक देवाच्या, पोरांच्या शपथा घ्यायचे. रायगोंडा शांतपणे म्हणायचे, शपथ तुझी, आकडा मशीनचा. आणि आकडाच लिहायचे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण माझं नंतर. आधी तिचं वाचा."

"कुणाचं?"

"पद्माचं. खुब्यातला हाडाचा गोळा काढून नवा बसवला तेव्हा जुना अभ्यासाला ठेवतो म्हणून माझी सही घेतली होती. त्याच रुग्णालयात. असेल की अजून." मग ते मुलीकडं वळले. "औषध असूनही तिचं हाड मोडलं असं निघालं, तर यापुढं माझ्यापुढं औषधाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"आईला कशाला मध्ये घेताय, आप्पा?" त्रिशलाचा आवाज एकदम वर गेला. "आता काय करायचंय ते बघून?"

"कबूल की नाही?"

तिनं उत्तर दिलं नाही. रायगोंडांनी ते कबूल धरलं.

*

"घेऊ नकोस," इराप्पा म्हणाला.

इराप्पा हत्तरगी पूर्वी संघाचा टँकर चालवायचा. निवृत्त झाल्यापासून दोघं रोज सकाळी संघाच्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसत. आत आता माणसं कमीच होती. म्हशींच्या गळ्यात पट्टे आले होते आणि धार काढायच्या आधीच फॅटचा आकडा संघात पोचत होता.

"माझ्या साडूचा जबडा कुजला बघ त्या इंजेक्शननं."

"तंबाखू नव्हता खात तुझा साडू?"

"खायचा की. म्हणून लगेच तंबाखूला नावं ठेवणार व्हय?"

रायगोंडा हसले. हसताना पाठीत कळ आली.

"माझं ऐक," इराप्पा म्हणाला, "आपली वर्षं राहिलीत किती? मोडलं तर मोडलं. मोडून मोडून काय मोडणार?"

काय मोडतं ते रायगोंडांनी एकेचाळीस दिवस पाहिलं होतं. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. कूस बदलताना ती ओठ दाबून धरायची आणि झालं की म्हणायची, "तुमची पाठ दुखली असेल." खरं म्हणजे त्यांना जबड्याची भीती नव्हती की मांडीची नव्हती. त्यांना कंटाळा आला होता. गोळ्यांची पाकिटं, तारखा, तपासण्या, पुन्हा तारखा. हे सगळं त्यांनी एकदा मन लावून केलं होतं आणि ते वाया गेलं होतं. पुन्हा तेच स्वतःसाठी करायचं, तर कशाच्या बळावर?

*

बुधवारी कोल्हापूरला रायगोंडांची नडगी वीस मिनिटं यंत्रात होती. काही दुखलं नाही. मग डॉक्टर मुल्लांनी दोघांना आतल्या खोलीत नेलं.

"बाईंचं वाचन तयार आहे. नक्की बघायचंय?"

"त्यासाठीच आलोय."

पडद्यावर राखाडी रंगाचे पट्टे आले. खाली सालं लिहिलेली होती. रायगोंडांना वाटलं होतं काहीतरी हाडासारखं दिसेल. हे तर नांगरलेलं रान आकाशातून बघितल्यासारखं दिसत होतं.

"औषध निळ्या रंगात दिसतं," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा, २०३५ चा जून." तिथं दोन बारीक निळ्या रेषा होत्या, अगदी जवळजवळ. त्यांनी चित्र पुढं सरकवलं. जुलै. दिवाळी. पुढचं साल. त्याच्या पुढचं. सगळं राखाडी. "गोळ्या दोन आठवड्यांतच बंद केल्या होत्या का?"

"बंद?" रायगोंडा ताठ झाले. "चार वर्षं. एक रविवार चुकला नाही. मी स्वतः द्यायचो."

"कशाबरोबर द्यायचात?"

"दुधाबरोबर."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अजूनही थोडी ऐट होती. आठवड्याला एक, रविवारी सकाळी उपाशीपोटी, अशी ती गोळी होती. पहिले दोन रविवार पद्मावतीबाईंनी पाण्याबरोबर घेतली. दोन्ही वेळा छातीत अशी जळजळ उठली की संध्याकाळपर्यंत त्यांना घास गेला नाही. "मग मीच डोकं चालवलं. मोठा ग्लासभर म्हशीचं दूध, कोमट, त्याच्याबरोबर गोळी. पाण्यानं औषध घ्यायला आम्ही काय दुष्काळातली माणसं? आणि हाडाचंच औषध, हाडालाच दूध, दोन्ही एका जागी जाणार. तिसऱ्या रविवारपासून जळजळ बंद."

डॉक्टरांनी त्रिशलाकडं पाहिलं. त्रिशला फरशीकडं पाहत होती.

"आप्पा," डॉक्टर मुल्ला सावकाश म्हणाल्या, "ही गोळी दुधाबरोबर चालत नाही. दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं. ती रक्तात जातच नाही, तशीच बाहेर पडते. दुधानं जळजळ थांबली, पण औषधही थांबलं. या दोन रेषा आहेत ना, ते पहिले दोन रविवार."

रायगोंडा पडद्याकडं बघत राहिले. बाहेर कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं.

"पोचलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"त्या चार वर्षांत बाईंचा खुबा मोडायची शक्यता शंभरांत अठरा होती. औषध पोचलं असतं तर अकरा."

"म्हणजे वाचली असती."

"तसं नाही म्हणता येत. त्या अकरांतल्याही त्या असू शकल्या असत्या. पायरी ओली होती."

"मशीननं एक आकडा सांगायचा असतो, बाई. आहे किंवा नाही."

"हे मशीन तसं सांगत नाही, आप्पा."

मग त्यांनी रायगोंडांचं वाचन दाखवलं. त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. कागद त्रिशलानं घडी घालून पर्समध्ये ठेवला. गडहिंग्लजपर्यंत गाडी तिनंच चालवली. वाटेत ती दोनदा म्हणाली, "आप्पा, पाणी देऊ?" दोन्ही वेळा त्यांनी नको म्हणून मान हलवली.

*

दोन दिवस रायगोंडा कट्ट्यावर गेले नाहीत. इराप्पाचा फोन त्यांनी घेतला नाही. दाराशी आलेलं दूध त्यांनी "आजपासून नको" म्हणून परत पाठवलं. त्रिशला रजा वाढवून राहिली होती. ती समोर ताट ठेवायची, ते अर्धं खायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती काळा चहा घेऊन त्यांच्या समोर बसली.

"आप्पा, मला माहीत होतं."

"काय?"

"दुधाचं. तिसऱ्या वर्षी दिवाळीला आले तेव्हा बघितलं तुम्हाला ग्लास नेताना. पाकिटात कागद असतो त्यावर लिहिलेलं असतं. साधं पाणीच, आणि अर्धा तास दुसरं काही नाही. मी आईला सांगितलं."

रायगोंडांचा कप हातातच राहिला. "मग?"

"तिला ठाऊक होतं. कागद तिनं आधीच वाचला होता."

रायगोंडांनी कप खाली ठेवला.

"मी भांडले तिच्याशी," त्रिशला म्हणाली. "म्हटलं, आप्पांना सांग, नाहीतर मी सांगते. तर म्हणाली, तू मध्ये पडू नकोस. चौतीस वर्षं हा माणूस पहाटे तीनला उठून संघात गेला. माझ्या हातात ग्लास आणून द्यायला आता कुठं सवड झालीय, त्याला मी नको म्हणू व्हय? आणि गोळीनं छाती जळायची ते मला सोसत नव्हतं, ते तरी बंद झालंय. मी म्हटलं, जळत असेल तर इंजेक्शन मिळतं. म्हणाली, बघू पुढच्या वर्षी."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

"गावोगावच्या टाक्या तपासतेस. क्लोरीन कमी पडलं तर सरपंचाला नोटीस देतेस. आणि घरात गप्प बसलीस!" त्यांनी कप उचलून आदळला. "दोघींनी मिळून मला खुळ्यात काढलं. मी चार वर्षं मिरवतोय, बघा आमच्या घरात औषधपाणी कसं वेळेवर! आणि ती माझ्याकडं बघून हसत पितेय!"

त्रिशला रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, नाक तेव्हा आईच्या पदरानं, आता ओढणीनं पुसत. रायगोंडांनी तिला गप्प केलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांना पद्मावतीबाईंचा राग आला होता. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. तिनं एका बाजूला आपलं हाड ठेवलं, दुसऱ्या बाजूला छातीची जळजळ आणि नवऱ्याचं मन ठेवलं, आणि काय जड ते एकटीनं ठरवून टाकलं. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते पाणी आणून देणार नव्हते का? त्यासाठीही ते उठले असते की.

कप बाजूला सारून ते म्हणाले, "एक ऐक. माझी मर्जी राखायला मला फसवायचं नाही. परत कधी नाही. मी चुकत असलो तर तोंडावर सांगायचं."

"सांगू?"

"सांग की."

"मग इंजेक्शन नको म्हणताय ते चुकतंय." तिनं नाक पुसलं. "आईची कूस तुम्ही बदलत होता आणि पाय मी धरत होते. आठवतंय? ते मला तुमच्या बाबतीत करायला लावू नका. मला नाही जमणार पुन्हा."

रायगोंडांनी तिच्याकडं पाहिलं. पन्नाशीला आलेली बाई. कानांवरचे केस पांढरे झालेले. ते एकेचाळीस दिवस आपण एकट्यानं काढले, असंच ते इतके दिवस धरून चालले होते.

"तो कागद आण," ते म्हणाले. "वाच. दुष्परिणाम आधी वाच."

तिनं वाचलं. मांडीचं हाड विचित्र मोडायची शक्यता, तीन वर्षांत, दहा हजारांत दोन. जबड्याची, दात आधी तपासून घेतले तर, दहा हजारांत एक. मूत्रपिंडं ठीक. ताप आणि अंगदुखी, शंभरांत चाळीस. आता पुढचं. औषध न घेतल्यास तीन वर्षांत आणखी एखादा मणका दबायची शक्यता शंभरांत चौतीस, घेतल्यास बारा. खुबा, न घेतल्यास नऊ, घेतल्यास पाच.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. रायगोंडा डोळे मिटून ऐकत होते. आकड्यांत कुठंच शून्य नव्हतं. घेतलं तरी नव्हतं, न घेतलं तरी नव्हतं. आयुष्यभर ते आकडा लिहून मोकळे झाले होते. हा आकडा लिहूनही मोकळं होता येणार नव्हतं.

"या वर्षीचं घेतो," ते म्हणाले. "तिन्ही वर्षांचं आज कबूल करत नाही."

"चालेल."

"चालेल म्हणू नकोस. पुढच्या वर्षी मी नको म्हटलं तर भांड."

*

दात तपासून झाले. पुढच्या शुक्रवारी सकाळी गडहिंग्लजलाच इंजेक्शन दिलं. पाव तास लागला. डॉक्टर मुल्लांनी तापाच्या गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्या म्हणाल्या. "आणि आप्पा, दूध सुरू करा. हे शिरेतून दिलंय, याला दूध चालतं."

रायगोंडा उठून चपला शोधायला लागले.

शनिवारी दुपारी थंडी वाजून ताप भरला. मग अंग ठणकायला लागलं. आपल्या अंगात एवढी हाडं आहेत हे त्यांना प्रथमच कळत होतं. बरगड्या वेगळ्या दुखत होत्या, मनगटं वेगळी, टाचा वेगळ्या. त्रिशलानं दोन गोधड्या घातल्या, गोळी दिली, तापमान बघितलं, अर्ध्या तासानं पुन्हा बघितलं.

"डॉक्टरांना फोन केला," ती म्हणाली. "म्हणाल्या, होतं असं. ताप येण्यावरून काही कळत नाही म्हणाल्या, ज्यांना येत नाही त्यांनाही औषध लागू पडतं." ती पलंगाच्या कडेला बसली. "फारच दुखतंय का हो? मी उगाच भरीला घातलं का तुम्हाला?"

"त्रिशला."

"काय?"

"पोचलंय."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते तिनं पुन्हा सांगितलं नाही.

"चार वर्षांत तुझ्या आईचं एकदासुद्धा अंग दुखलं नाही," रायगोंडा भिंतीकडं बघत म्हणाले. "मी सगळ्यांना सांगायचो, औषध मानवलंय म्हणून."

त्रिशलानं गोधडी बाजूला करून त्यांच्या नडगीवर हात ठेवला. "इथं दुखतंय?"

"हो."

"आणि इथं?"

"तिथंही."